क्रॉस-कंट्री : भोरच्या आजोबांसाठी सविस्तर खुलासा

ती. आजोबा व ती. आजी यांस, मु. पो. भोर, जि. पुणे


नातू न्यू जर्सीतल्या शाळेकडून खेळतो तो क्रॉस-कंट्री हा पळण्याचा खेळ आहे. तो आखीव मैदानावर नाही, तर गवत, चिखल, झाडी आणि चढउतार यांतून खेळतात. अमेरिकेतल्या हायस्कुलांत त्याचा हंगाम ऑगस्टअखेरीस सुरू होऊन नोव्हेंबरात संपतो, आणि अंतर बहुतेक ठिकाणी पाच किलोमीटर असते. चेंडू नसतो, बॅट नसते, सामना चालू असताना बाकावर बसून राहायची सोयही नसते. ‘मग खेळतात काय?’ या आजोबांच्या प्रश्नाचे खरे उत्तर ‘पळतात’ एवढेच आहे. पण आजोबा निवृत्त मुख्याध्यापक असल्याने एका शब्दाच्या उत्तराला ते गुण देत नाहीत. सबब पुढील मजकूर.

खेळाचा उगम इंग्लंडातल्या निवासी शाळांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथली पोरे ससा आणि शिकारी कुत्रे असे दोन पक्ष करून शेताशेतांतून पळत. ससे कागदाचे कपटे टाकत पुढे जात आणि कुत्रे त्या मागावर येत. (कपटे नंतर कोण वेचायचे, ही आजींची शंका रास्त आहे.) पुढे या पळापळीला नियम आले आणि ती ऑलिंपिकलाही पोहोचली. १९१२, १९२० आणि १९२४ या तीन ऑलिंपिकांत क्रॉस-कंट्री होती. १९२४ साली पॅरिसला भर उन्हाळ्यात शर्यत लावली. ३८ जण सुटले, त्यातले १५ जणच शेवटपर्यंत पोहोचले, बाकीचे वाटेत कोलमडले. फिनलंडचा पावो नुर्मी मात्र फिरून आल्यासारखा पहिला आला. त्यानंतर ऑलिंपिकने हा खेळ बंद केला. आजींना ही गोष्ट सांगायला नको होती, असे घरात सर्वांचे मत आहे. तेव्हापासून प्रत्येक शनिवारी ‘ऊन किती आहे?’ ही चौकशी आधी होते.

आजोबांचा दावा वेगळा आहे. त्यांच्या मते हा खेळ हिरडस मावळात जुनाच आहे. १६६० च्या पावसाळ्यात पन्हाळ्याहून विशाळगडाकडे रातोरात धावले ते बांदल मावळे इकडचेच, आणि बाजीप्रभूंचे शिंद गाव तर भोर तालुक्यातच आहे. अंतर पाच किलोमीटरच्या दसपटीहून अधिक, अंधार, पाऊस, चिखल आणि खांद्यावर महाराजांची पालखी. हा दावा खोडता येत नाही, कोणी खोडू पाहतही नाही. नातवाने तो आपल्या प्रशिक्षकाला सांगितला. प्रशिक्षकाने सगळे ऐकून घेतले आणि पालखी उचलणारे किती मिनिटांनी बदलत, एवढेच विचारले. या प्रश्नाचे उत्तर भोरहून यावयाचे आहे.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे पाचवा नंबर. ‘नातू पाचवा आला’ हे ऐकून भोरच्या घरात जी शांतता पसरली ती गैरसमजातून होती. या खेळात गुण उलटे मोजतात. संघात सात धावपटू असतात. पहिला येणाऱ्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, एकतिसाव्याला एकतीस. संघाच्या पहिल्या पाच जणांची बेरीज करायची आणि ज्याची बेरीज कमी तो संघ जिंकला. समजा, एका शाळेची पोरे १, २, ९, १४ आणि ३१ अशा क्रमांकांनी आली. बेरीज ५७. दुसऱ्या शाळेची ४, ६, ८, ११ आणि १६. बेरीज ४५. पहिले दोन्ही क्रमांक पटकावणारी शाळा हरली, आणि तिला हरवले ते तिच्याच पाचव्या पोराने. त्याच्या एकतिसाव्या क्रमांकाने पुढच्या दोघांची सगळी कमाई घालवली.

सहावा आणि सातवा यांचे गुण धरत नाहीत. म्हणून काही ते बिनकामाचे ठरत नाहीत. ते समोरच्या संघाच्या पाचव्याच्या आधी पोहोचले, तर त्याचा क्रमांक एकेकाने मागे सरकतो आणि तिकडची बेरीज फुगते. बरोबरी झाली तर दोन्ही संघांचे सहावे कोण आधी आले ते पाहतात. भावकीच्या राजकारणात मुरलेल्या माणसाला हा नियम लगेच कळतो. वेल्ह्याच्या काकांना तो फोनवर एकदाच सांगावा लागला.

तर नातू पाचवा आला तो संघात पाचवा, शर्यतीत नव्हे. शर्यतीतला त्याचा क्रमांक बराच मागचा होता आणि तो इथे मुद्दाम दिलेला नाही. पण संघाचा काटा पाचव्यावरच फिरतो. पहिल्या येणाऱ्याचे कौतुक सगळे करतात. शेवटच्या अर्ध्या किलोमीटरवर प्रशिक्षक मात्र ओरडत पळतो तो पाचव्याच्या बाजूने. पोराची छाती भात्यासारखी हलत असते, डाव्या बुटाची नाडी सुटलेली असते, गुडघ्यापर्यंत चिखल असतो आणि कानात एकच हाक घुमत असते की पुढचे तीन गाठ. तीन गाठले की बेरजेतून तीन गुण उतरतात. अंकगणिताचा इतका थेट उपयोग मुलाच्या गणिताच्या तासाला होताना आढळत नाही.

‘डोंगर तरी आहेत का तिकडे?’ हा प्रश्न आजोबांनी वेल्हेकरांच्या देखत विचारला होता, तेव्हा त्याचे उत्तर खाली मान घालूनच द्यावे लागते. न्यू जर्सी राज्यातला सर्वांत उंच माथा साडेपाचशे मीटरचा आहे. तोरणा चौदाशे मीटर. राज्यातल्या मोठ्या शर्यती होल्मडेल पार्कमध्ये होतात. तिथे ‘द बोल’ नावाचा खोलगट उतार आणि त्यापुढचा चढ आहे. धावणारी पोरे त्याचे नाव दबक्या आवाजात घेतात. वेल्ह्याकडची शेरडे तो चढ रवंथ करत चढतील. तरीही बरेच अंतर पळून झाल्यावर तो चढ चांगलाच लागतो, हे मुलाचे म्हणणे नोंदवून ठेवणे न्यायाचे होईल.

खेळायला काय लागते, तर वर्षाच्या आतले डॉक्टरांचे प्रमाणपत्र, पालकांच्या सह्यांचे कागद आणि तळाला काटे असलेले बूट. सराव दररोज शाळा सुटल्यावर. आजोबांच्या लहानपणी वाडीवरून भोरच्या शाळेत यायला जेवढे चालावे लागे, साधारण तेवढेच इथली पोरे पळतात. फरक एवढाच की आधी त्यांना बसने शाळेत आणून सोडतात आणि मग पळायला लावतात. हे सांगितल्यावर आजोबांना ठसका लागेपर्यंत हसू आले होते.

या खेळाचा कुटुंबावर होणारा परिणाम हा स्वतंत्र विषय आहे. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी सगळा संघ कोणाच्या तरी घरी जमून पास्ता खातो. पिष्टमय अन्नाने दुसऱ्या दिवशी दम टिकतो, असा हिशेब. या घराची पाळी आली तेव्हा सूनबाईंनी पास्ता केलाच, पण भोरहून आलेल्या इंद्रायणी तांदळाचा मऊ भात, साधे वरण, तूप आणि लिंबूही मांडले. दारात बुटांचा डोंगर, जिन्यावर ताटल्या घेऊन बसलेली उंचच उंच पोरे, आणि ओट्यावर थंड होत गेलेला पास्ता. भाताचे पातेले खरवडून घेणाऱ्या पोराने या भाताला काय म्हणतात ते विचारून हाताच्या तळव्यावर पेनाने लिहून नेले. आजींनी पुढच्या खेपेस तांदूळ जास्त द्यावा. आजोबांच्या भाषेत सांगायचे तर मागणी सिद्ध झाली आहे.

शनिवारी सकाळी नऊला शर्यत सुटते तेव्हा भोरला संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. नोव्हेंबरात इथली घड्याळे मागे घेतल्यावर साडेसात होतात. आजींनी दिवेलागणीचे वेळापत्रक त्याप्रमाणे बदलावे. व्हिडिओ कॉलवरून शर्यत पाहण्यात अडचण अशी की प्रेक्षकांनाही पळावे लागते. सुटताना पाहायचे, मग झाडीतून आडवे पळत वळणावर जायचे, मग शेवटच्या पट्ट्याकडे. त्यामुळे भोरला मुख्यतः मुलाच्या बापाचे बूट, गवत आणि धापा एवढेच दिसते. आई ‘पळ रे पळ!’ म्हणून ओरडते, त्याच वेळी फोनमधून आजी ‘सावकाश, पडशील!’ म्हणतात. मुलगा दोन्हींच्या मधला वेग धरतो, असा प्रशिक्षकाचा संशय आहे.

इतर छंद थोडक्यात. मुलगा शाळेच्या वाद्यवृंदात ट्रॉम्बोन वाजवतो. हे पितळी वाद्य असून नळी मागेपुढे सरकवून त्याचे स्वर काढतात. सरावाच्या पहिल्या वर्षी ते स्वारगेट-भोर गाडीच्या हॉर्नसारखे वाजते. रविवारी मराठी शाळा असते. गणपतीत मराठी मंडळाच्या पथकात तो ताशा मागतो आणि त्याला दर वर्षी झांजा मिळतात. अभ्यास ठीक.

‘पळून पुढे काय?’ याचे उत्तर बीड जिल्ह्यात आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळेला पळत जायचा. पुढे सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेला, तिथे क्रॉस-कंट्रीत चमकला आणि मग स्टीपलचेसकडे वळला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण ही त्याची कमाई. नातू त्या वाटेला लागेल, अशी कोणतीही लक्षणे नाहीत. दहावीला वाढीव गुण मिळतील का, याचेही उत्तर नकारार्थी आहे, कारण इथे दहावीची बोर्डाची परीक्षाच नसते.

बक्षीस म्हणून शाळेच्या नावाचे लोकरी आद्याक्षर देतात. ते एका खास जाकिटावर शिवायचे असते. अक्षर शाळा फुकट देते, जाकीट बापाने विकत घ्यायचे.

डिसेंबरात सर्वजण भोरला येत आहेत. नातवाला वेल्ह्यातून तोरण्यावर पळत जायचे आहे. काटेरी बूट इथेच ठेवून येण्याचे त्याने कबूल केले आहे, कारण ते गवतासाठी असतात आणि कातळावर घसरतात. काकांनी पहाटेची जीप सांगून ठेवावी. बिनी दरवाजाच्या अलीकडचा टप्पा चालतच चढायचा, ही आजोबांची अट मान्य आहे. ती बापासाठी आहे की नातवासाठी, ते मात्र उलट टपाली कळवावे.