न पाहिलेल्या तारखा लिहिणाऱ्यांस

महाशय,

पत्राच्या आरंभी 'सप्रेम नमस्कार' लिहीत नाही. माझ्या मनात प्रेम नाही, आणि नसलेली गोष्ट लिहून ठेवायची नाही, हेच मला तुम्हाला सांगायचं आहे. घरातल्या सामानाच्या यादीला एआय एजंट जोडून देणारं साधन तुम्ही बनवलंत. फोटो काढा, चॅटमध्ये टाका, बाकीचं एजंट बघेल, अशी तुमची जाहिरात. एजंटने नोंदी केल्या. त्यातल्या कितीतरी त्याने मनानेच ठोकून दिल्या आहेत.

आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचंच घ्या. स्ट्रिप अर्धी. एक्स्पायरी छापलेली कड केमिस्टने कापून दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिलेली. उरलेल्या तुकड्यावर अर्धवट नाव आणि चार गोळ्या. फोटोत तारीख नाही, कारण स्ट्रिपवरच ती नाही. तुमच्या यादीत मात्र महिना आणि वर्ष ठळक उभं आहे, वर त्या तारखेआधी आठवण करून देण्याची घंटाही लावलेली. ही तारीख आणली कुठून, असं एजंटला विचारलं, तर म्हणाला, अशा औषधांची मुदत साधारण इतकी असते. साधारण! माझी आई साधारण गोळी घेत नाही, हातातली गोळी घेते.

हे का घडतं ते मला कळतं, म्हणूनच माझा राग एजंटवर नाही, तुमच्यावर आहे. तुमच्या साधनाचं वर्णन मी उघडून वाचलं. एजंटपुढे तुम्ही जो फॉर्म ठेवता त्यात तारखेचा रकाना सक्तीचा आहे. तो रिकामा राहिला तर नोंदच नाकारली जाते. भाषेचं मॉडेल पुढे काय शोभेल याचा अंदाज बांधत शब्द लावत जातं. त्याच्यासमोर सक्तीचा रकाना ठेवलात की ते शोभेलशी तारीख भरणारच. त्याने भरली आणि तुम्ही एक प्रश्न न विचारता ठेवून घेतलीत.

फ्रिजचंही तेच. फोटो दाराचा. सिरीयल नंबरचं स्टिकर आत, भाजीच्या ड्रॉवरच्या बाजूला. यादीत नंबर आहे, त्या कंपनीच्या नंबरांसारखाच दिसणारा, आणि खोटा. तुम्हाला हे किरकोळ वाटत असेल. मी सांगलीत राहतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ओसरल्यावर गावभागातली माणसं चिखलात उभी राहून पंचनाम्यासाठी आठवून आठवून सामान सांगत होती: कपाट, मिक्सर, शिलाई मशीन, गाद्या. विम्याचा सर्व्हेअर मॉडेल आणि नंबर विचारायचा, आणि बिलांचा तर लगदा झालेला. घरातल्या सामानाची यादी कशासाठी करायची, हे या गावाला कुणी शिकवायला नको. ती यादी म्हणजे साक्ष आहे. तिच्यातला एक नंबर खोटा निघाला, तर उरलेल्या खऱ्या सामानावर तरी कोण विश्वास ठेवील?

स्वयंपाकघराबद्दल थोडक्यात. स्टीलच्या बंद डब्यात काय आहे ते फोटोवरून कुणालाही सांगता येत नाही. एजंटने 'तूरडाळ, दोन किलो' लिहिलं. आत पावशेर साबुदाणा होता. मिक्सरची नोंद तीनदा झाली, कारण सर्व्हरचं उत्तर यायला उशीर झाला, एजंट तीच विनंती परत परत पाठवत राहिला आणि तिन्ही पोचल्या. प्रत्येक विनंतीला तिची खूण द्यायची आणि तीच खूण पुन्हा आली तर नवी नोंद करायची नाही, ही रीत पैशांच्या व्यवहारात रोज पाळली जाते. ती तुम्हाला ठाऊक नव्हती, यावर माझा विश्वास नाही.

यंत्रच तसं, आम्ही काय करणार, असंही म्हणू नका. एजंटला बाहेरची साधनं जोडायच्या ज्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलवर तुमचं साधन उभं आहे तो नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला झाला. कोणतं काम फक्त वाचतं, कोणतं काही पुसून टाकू शकतं, कोणतं दुसऱ्यांदा केलं तरी जास्तीचा परिणाम करत नाही, हे सांगणाऱ्या खुणा त्यात आता आहेत. जून २०२५ च्या आवृत्तीत तर काम मधेच थांबवून माणसाला विचारून घ्यायची सोय आली. 'स्ट्रिपवर तारीख दिसत नाही, तुम्हाला ठाऊक आहे का?' एवढंच विचारायचं होतं. मी 'नाही' म्हटलं असतं आणि रकाना रिकामा राहिला असता. रिकामा रकाना दिसला की माणूस उठतो, स्ट्रिप उलटीपालटी करून बघतो, केमिस्टला फोन लावतो. भरलेला दिसला की निर्धास्त होतो. तो निर्धास्तपणा तुम्ही मला विकलात, आणि त्याला काडीचा आधार नाही.

तक्रार केली तेव्हा तुमच्याकडून उत्तर आलं, की नोंदी तपासून घेण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची. तपासू कशा? कोणती नोंद फोटोतून वाचली आणि कोणती अंदाजाने भरली, हे यादीत कुठेच लिहिलेलं नाही. प्रत्येक डबा मीच उघडून बघायचा असेल तर एजंटचे पैसे कशाचे घेता? हात झटकायला जेवढी तत्परता दाखवलीत, तिच्या निम्मी फॉर्म लिहिताना दाखवायची होती.

आता करायचं ते सांगतो. तारीख, नंबर आणि वजन यांवरची सक्ती काढा. अंदाज असेल तर तो अंदाज म्हणूनच दिसू द्या. नोंद यादीत जाण्याआधी मला दाखवा. एका बैठकीत एजंटने घातलेलं सगळं एकदम काढता येईल असं बटण द्या. सध्या मी एकेक नोंद हाताने पुसतो आहे. बाकीचं सवडीने केलंत तरी चालेल, औषधांच्या रकान्यातली सक्ती मात्र आजच काढा. तुमचं साधन वापरणाऱ्या दुसऱ्या एखाद्या घरात कुणी म्हातारं माणूस, घंटा अजून वाजली नाही म्हणून, मुदत संपलेली गोळी घेत असेल.

कळावे.

सांगलीतील एक ग्राहक