फाडफाड

गिरगाव-परळच्या चाळींत वर्गाबाहेर इंग्रजी शिकणाऱ्या इसमाला वेगळे नाव नाही; खूण मात्र आहे. त्याच्या फळीवर तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे तीन भाग असतात आणि त्यांतला पहिलाच तेवढा खिळखिळा झालेला असतो. पुढच्या पिढीत पाठमालेच्या जागी रॅपिडेक्स आले, जाहिरातीत कपिल देव आला. सुरुवातीचीच पाने मळवण्याची प्रथा कायम राहिली. ध्येयही तेच: फाडफाड बोलणे.

बरेचसे इंग्रजी त्याला आधीपासूनच येत असते. गिरणीतले जॉबर, मस्टर, शिफ्ट हे शब्द तो मराठी समजूनच वापरतो. शिवाजी पार्कात वाढलेल्याला ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ यष्टीच्या कोणत्या बाजूला, हे झोपेतही सांगता येते. पुस्तक टेबलावर ठेवायची वेळ आली की तेच ‘ऑन’ त्याला दगा देते. खरी शिकवणी लोकलमध्ये. मराठी, हिंदी, इंग्रजी, एकच घोषणा तीनदा; तर्खडकरांना हेवा वाटावा अशी सोय. 2018 साली एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी झाले, तेव्हा घोटून घोटून बसवलेला एक उच्चार तेवढा फुकट गेला.

बोलताना घोटाळा होतो तो पाठमालेमुळेच. तो आधी मराठी वाक्य जुळवतो, मग कर्ता शोधतो, क्रियापदाचा काळ ठरवतो. तोवर रस्ता विचारणारा गोरा पाहुणा टॅक्सीत बसून निघून गेलेला असतो. बिनचूक उत्तर वाया जाऊ नये म्हणून ते संध्याकाळी गॅलरीत चाळीला ऐकवले जाते.

लिहिण्यात मात्र त्याचा हात कोणी धरत नाही. नळाला पाणी नाही, जिन्याचा कठडा मोडला, की अर्ज त्यानेच लिहायचा. महापालिकेला मराठी अर्ज चालतो. पण मराठीत जी कुरकुर वाटते तीच इंग्रजीत प्रकरण होते, असे चाळीचे मत. सुरुवात ‘आय बेग टू स्टेट’ने, म्हणजे आधी हात पसरायचे, मधे ठणकवायचे, शेवटी ‘युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’, आणि खाली मराठीत सही.

इंग्रजी माध्यमातला नातू हा अर्ज वाचून खो खो हसतो. आजोबा चष्मा पुसत त्याला ‘ओबीडियंट’चे मराठी विचारतात. नातू आईला हाक मारतो.