चार बोटं वर

ज्या गाडीत सकाळी शेळ्या, दुपारी सरकीच्या गोण्या आणि संध्याकाळी नवरदेवाचे मामा बसतात, ती गाडी चार बोटं उचलायची की वीतभर, यावर आमच्या घरात दिवाळीपासून वाद पेटला होता. गाडी पुतण्याची. म्हणजे कागदावर पुतण्याची, हप्त्यापुरती माझ्या भावाची आणि वापराला अर्ध्या तलवाडा गावाची. एवढे हक्कदार भांडत असताना मी निवृत्त शाळामास्तर गप्प बसणं बरं दिसलं नसतं.

पुतण्यानं मोबाइलवर अमेरिकेतल्या पिकअप पाहिल्या होत्या. छातीइतके टायर, आणि त्यावर कुठंतरी आभाळात गाडी.

“नाना, बगा. अशी करायची आपली.”

मी चष्मा लावून पाहिलं. मागचा हौद रिकामा होता. नुसता रिकामा नव्हे, स्वच्छ होता. लेंडी नाही, काडी नाही, फाटक्या ताडपत्रीचा कोपरासुद्धा नाही.

“यात भरतेत काय?”

“काहीच नाय भरत. ही नुसती फिरवायची असती.”

पुतण्याला अभ्यासाची आवड शाळेत कधी नव्हती, पण या विषयात त्यानं मुळापर्यंत जाऊन वाचलं होतं. सेंट लुईसच्या बॉब चँडलरनं आपली १९७४ची फोर्ड पिकअप उचलत उचलत एवढी वर नेली, की १९८१ साली एका शेतात दोन जुन्या मोटारी उभ्या करून त्यानं ती त्यांच्या टपांवरून चालवली. ‘बिगफूट’ म्हणतात तिला. तिथून पुढं साऱ्या जगाला उंच गाडीचं वेड लागलं. मला त्यातली मोटार चिरडण्यापेक्षा शेताची गोष्ट जास्त खटकली. आमच्याकडं शेतात गाडी घातली तर चिरडाचिरडीच्या आधी बांधाची मोजणी निघते.

पण पुतण्याचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. पावसाळ्यात आमची काळी माती काय असते, ते ज्यानं तिच्यातून चप्पल उपटून काढली त्यालाच विचारावं. पाणी पिऊन फुगते, उन्हानं भेगाळते, आणि मधल्या दिवसांत ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या वाळून दगड होतात. दोन चाकोऱ्यांच्या मध्ये जो उंचवटा उरतो, तो पिकअपच्या पोटाला बरोबर भेटतो. पावसाळ्यातल्या ओझ्याचा हा त्रास जुनाच. आमच्याच गेवराई तालुक्यात, राक्षसभुवनला, १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाला गाठलं. निजाम गोदावरी ओलांडून पलीकडं गेला होता, आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर फौज घेऊन अलीकडच्या काठावर राहिला. पाणी मध्ये, सामान अलीकडं, मालक पलीकडं. दिवाण तिथंच पडला. श्रावणात या मुलखात वजन हलवू नये, ही गोष्ट तेव्हाच सिद्ध झाली होती. पण खताची गोणी श्रावणातच लागते, त्याला पेशवे तरी काय करणार.

तेव्हा गाडी वर हवी, हे मलाही पटलं. आम्ही गढी गावाच्या बाजूला एका मिस्तरीकडं गेलो. मिस्तरी मितभाषी. गाडीला एक फेरी मारली, मागचे स्प्रिंगचे पाटे बोटानं चाचपले आणि विचारलं, “पाटा वाढवायचा का ठोकळा घालायचा?”

पुतण्याला दोन्ही हवं होतं.

मग मिस्तरीनं समजावलं ते असं. धुरा आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालून लांब यू-बोल्टनं आवळला, की गाडी वर जाते, ताकद आहे तेवढीच राहते. पाटा वाढवला तर गाडी वरही जाते आणि कडकही होते. कडक म्हणजे भरल्यावर खाली बसत नाही. पण रिकामी असताना प्रत्येक खड्डा ती चालकाच्या दाढेपर्यंत पोचवते. आणि पाटे कितीही घाला, धुरा, ब्रेक, टायर, चासी सगळं जुनंच. कागदावर १.७ टन लिहिलेलं ओझं पाट्यांनी काही खोडून तीन टन होत नाही. “पाटा वाकत न्हाई म्हून मानूस भरत जातो,” मिस्तरी म्हणाला, “मंग चासी सांगती.”

त्यानंतर तो गाडीखाली सरकला आणि तिथूनच ओरडला, “पोटाला लागतंय ते नेमकं कुठं?”

पुतण्या वाकला आणि मागच्या धुऱ्याच्या मधला फुगीर गोळा दाखवला. त्यावर ओरखड्यांची चांगली चार-पाच वर्षांची नोंद होती.

“ह्यो तर हालनारच न्हाई.”

हे ऐकून पुतण्याचा चेहरा पडला. मी मात्र उकिडवा बसून नीट समजून घेतलं. धुरा बसलाय चाकांत, पाटे बसलेत धुऱ्यावर, गाडी बसलीय पाट्यांवर. पाटे उचला, ठोकळे घाला, गाडी जाईल वर. धुरा जिथं आहे तिथं, चाकाच्या मध्यावरच राहणार. म्हणजे खर्च करून सगळी गाडी उचलायची, आणि जो अडकतो तो गोळा जमिनीपासून तेवढाच! त्याला उचलायचा एकच मार्ग, मोठे टायर. त्यातही हिशेब असा, की टायर दोन इंचांनी उंच घेतला तर गोळा एकच इंच वर येतो. दुसरा इंच टायरच्या माथ्याला वाढतो आणि मडगार्डला घासतो. शिवाय चाक मोठं झालं की काटा वेग कमी दाखवतो आणि भरलेली गाडी चढाला पहिल्या गिअरात रडते. बैलगाडीचं चाक एवढं थोरलं का करायचे, ते मला वयाच्या सत्तरीत, गढीला, ऑइलच्या डागावर बसून कळलं.

मिस्तरीचं अजून संपलं नव्हतं. कित्येक पिकअपांत मागच्या ब्रेकला एक दांडी जोडलेली असते. ओझ्यानं गाडी धुऱ्यावर खाली बसली, की ती दांडी ब्रेकला कळवते, माल आहे, मागून जोरात धर. गाडी रिकामी असेल तर मागचा ब्रेक बेतानं लागतो, चाक घसरत नाही. आता गाडी उचलली आणि दांडी तशीच ठेवली, तर दीड टन कांदा भरल्यावरही ब्रेकला वाटत राहणार, की आपण रिकामे चाललोय. गैरसमजावर चालणारी माणसं मी गावात पुष्कळ पाहिली आहेत. उतारावर तशी गाडी नको.

कांद्यावरून आठवलं. अमेरिकेतच नॉर्थ कॅरोलायना राज्यात तरुण पोरांना पिकअपचं तोंड वर आणि बूड खाली करायचा नाद लागला. हौसेनं पैसे मोजून करतात. इतकं झालं, की पुढचं मडगार्ड मागच्या मडगार्डपेक्षा चार इंच किंवा जास्त उंच करण्यावर तिथल्या सरकारनं डिसेंबर २०२१पासून बंदी घातली. आमच्याकडं तेच काम गोण्या जरा मोकळ्या मनानं भरल्या की फुकट होतं. तोंड आभाळाकडं, बूड डांबरावर, आणि दिव्यांचा उजेड रस्ता सोडून बाभळीच्या शेंड्यावर. रात्री माजलगावच्या रस्त्याला समोरून येणारा माणूस त्या उजेडात आपल्या बापजाद्यांची आठवण काढतो. आमच्याही.

कायद्याचं मीच काढलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणं कारखान्यानं ठरवलेली आणि नोंदणीत उतरलेली गाडी मनाप्रमाणं बदलता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठणकावून सांगितलं. प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जास्त माल भरला तर २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, आणि तो माल उतरवायचा खर्चही आपलाच. पुतण्या म्हणाला, “नाना, पकडलं तर ना.” याला उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही.

खरं उत्तर घरी मिळालं, आणि तेही न विचारता.

आमच्या आळीतली एक मावशी कापूस वेचायला येते. तिनं उमेदीची सारी वर्षं ऊसतोडीत घातली. दसरा-दिवाळी झाली की नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर, आणि पार पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर. तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर घ्यायची आणि ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढायचं. ट्रक भरत जातो तशी फळी उभी होत जाते. पहिल्या मोळीला जमिनीवर असणारी बाई शेवटच्या मोळीला पहिल्या मजल्यावर पोचलेली असते. गुडघ्यांनी नकार दिला तेव्हा तिनं जाणं सोडलं.

ती ओट्यावर चहा पीत आमचं ऐकत होती. टायर, ठोकळे, इंच, सगळं. मग बशी खाली ठेवून म्हणाली, “किती वर जानार म्हनला?”

पुतण्यानं हाताची चार बोटं आडवी धरली.

“आन् कापसाचं गाठोडं वर कोन टाकनार? तू?”

पुतण्या गप्प. मावशी उठली, पिकअपपाशी गेली, फाळका उघडला आणि हौदाच्या काठाला कंबर लावून उभी राहिली. काठ तिच्या कमरेच्या जरा वरच येत होता. “हितंवर गाठोडं मांडीनं रेटता येतंय,” ती म्हणाली. “ह्याच्या वर गेलं की खांद्यानं. खांद्यानं टाकायचं आसंल तर मजुरी खांद्याची घीन.”

सभेत एवढा मोजका मुद्दा मांडणारं मी कुणी पाहिलं नाही. गोणी खांद्यावरून उतरवणाऱ्या हमालाचंही हेच गणित. २००५ साली टाटांची एस आली, गावोगावच्या लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटलं. आमच्या ओळखीचा एक हमाल अजून तिचं कौतुक करतो, ते इंजिनासाठी नव्हे, हौद खाली आहे म्हणून. म्हशीचंही तसंच. म्हैस उडी मारत नाही. तिला चढवायला आम्ही पिकअप उलटी नेऊन बांधाला लावतो, बांध आणि हौद एका पातळीत आले की ती महाराणीच्या तोऱ्यात आत जाते. चार बोटांचा फरक पडला तर ती थांबते, आणि थांबलेल्या म्हशीशी वाद घालून कुणी जिंकलेलं नाही.

राहता राहिला कापूस. कापूस वजनाआधी जागा खातो. १.७ टन कापूस त्या हौदात मावणारच नाही, म्हणून लोक वर मजला चढवतात आणि दोरांनी आवळतात. आता मूळची गाडीच उंच केली तर तो मजला आणखी वर जाणार. मी मास्तर असल्यामुळं गुरुत्वमध्य काढला. भावानं तेच सोप्यात सांगितलं, “कालव्याच्या वळनाला आडवी होईल भाड्या.” पैठणचा उजवा कालवा आमच्या तालुक्यातून माजलगावच्या धरणाकडं जातो, त्यात कापूस भिजवणारे आपण पहिले नको, असं ठरलं.

शेवटी मिस्तरीनंच तोड काढली. त्यानं पाटे उतरवून जमिनीवर मांडले. वर्षानुवर्षांच्या मोकळ्या मनानं ते सपाट झाले होते, एक तर तडकलेलाच होता. गाडी मुळातच आपल्या जन्माच्या उंचीपेक्षा खाली बसलेली! तडकलेला पाटा बदलला, बाकीच्यांना नव्यानं कमान मारून आणली, झिजलेले टायर काढून कंपनीनं सांगितलेल्याच मापाचे नवे घातले, ब्रेकची दांडी आणि दिवे बघून घेतले. गाडी वर आली. दोन बोटं म्हणा. पासिंगला हरकत नाही, मावशीची नाही, म्हशीचीही नाही. चाकोरीचा उंचवटा मात्र टिकावानं फोडावा लागला; एक सकाळ गेली, आणि गल्लीतल्या ज्या पोरांनी वीतभराचा आग्रह धरला होता त्यातलं एकही टिकाव धरायला आलं नाही.

पुतण्या दोन दिवस घुम्यासारखा राहिला. मग एके दिवशी त्यानं पिकअप धुतली, कालव्याच्या चारीच्या काठावर नेऊन उभी केली आणि स्वतः कोरड्या चारीत उतरून, जवळजवळ झोपून, खालून फोटो काढला. फोटोत गाडी दुमजली दिसते. टायर छातीइतके, मागं नुसतं आभाळ. बिगफूटवाल्या चँडलरनंही दोनदा पाहिला असता. आता गावातली बाकीची पिकअपवाली पोरं रांगेनं त्या चारीवर येतात, आणि कालव्याचं पुढचं आवर्तन कधी सुटणार, याची चौकशी शेतकऱ्यांच्या आधी तीच माझ्याकडं करतात.