कोटिंगकाका

“फेज कोटिंग आहे का?” हा कोटिंगकाकांचा नमस्कार.

हिवाळ्यातल्या रविवारी भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्यावर पक्षी बघणाऱ्यांची जत्रा भरते. खाडीत रोहित उतरलेले असतात, वर घारी घिरट्या घालत असतात, आणि काका येणाऱ्या-जाणाऱ्याच्या गळ्यात काय लटकलंय ते बघत उभे. बँकेच्या इन्स्पेक्शन खात्यातून ते निवृत्त झाले. इन्स्पेक्शन काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही.

त्यांचा प्रांत ठरलेला: पंचवीस हजारांच्या आतली, सरळ नळ्यांची, रूफ प्रिझमची दुर्बीण. स्वारोव्स्कीच्या दोन-अडीच लाखांच्या दुर्बिणीचा विषय काढलात तर “तिच्यात तपासायचं काय? सगळं असतंच,” म्हणून मोडीत काढतात. गंमत स्वस्तात. स्वस्त दुर्बिणीत काहीतरी गाळलेलं असतं, आणि काय गाळलंय ते खोक्यावर कुणी छापत नाही.

खोकं हा त्यांचा आवडता वाचनीय मजकूर. नुसतं ‘कोटेड’ लिहिलं असेल तर एखाद्या काचेवर एखादा थर. ‘मल्टिकोटेड’ म्हणजे कुठेतरी जास्त थर. ‘फुली मल्टिकोटेड’ असेल तरच सगळ्या काचांना, दोन्ही बाजूंनी. “आणि बॅक-फोर प्रिझम लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका. ते आता सगळेच लिहितात.” मग मुद्द्यावर येतात. या दुर्बिणींत बहुधा श्मिट-पेखान प्रिझम असतं. त्याच्या एका पृष्ठभागावरून प्रकाश आपणहून पूर्ण परतत नाही, म्हणून तिथे आरशाचा थर चढवावा लागतो. अॅल्युमिनियमचा असला तर दहाएक टक्के प्रकाश वाटेत जातो, चांदीचा असला तर पाचएक. डायइलेक्ट्रिक असला तर एक टक्काही जात नाही. “पण चांदी आणि डायइलेक्ट्रिक यांतला फरक तुमच्या-माझ्या मोतीबिंदूला कळणार आहे? पैसे घालायचे तर फेजवर घाला.” कारण प्रिझमची छपरासारखी धार प्रकाश दोन वाटांनी पाठवते, आणि पुन्हा एकत्र येताना त्या दोघांचं जमत नाही, मग पिसांवरची बारीक नक्षी पुसट होते. हे जमवून देणारा थर झाइसने १९८८ मध्ये आणला. हे साल सांगताना काका किंचित ताठ होतात.

एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण खिशात गॉगल असतो.

गेल्या मोसमात एक मुलगा नवीकोरी आठ बाय बेचाळीस घेऊन आला. पहिल्या पगारातली. काकांनी मोबाइलचा पडदा पांढरा करून पुढच्या भिंगासमोर धरला, पोलरॉइड गॉगलची काच डोळ्याकडच्या भिंगावर ठेवली आणि सावकाश फिरवली. “बघ.” उजेडाच्या गोलात मधोमध उभी रेघ, एक अर्धं उजळ, दुसरं काळपट. “फेज असता तर दोन्ही अर्धी सारखी दिसली असती.” मुलाचा चेहराही तसाच अर्धा झाला. सकाळपासून त्याने त्याच दुर्बिणीतून ढीगभर पक्षी बघितले होते आणि अगदी मजेत होता. ‘परत करायची मुदत आहे ना?’ हे काकांचं सांत्वन.

दुसऱ्या एका गृहस्थांनी महाबळेश्वरहून लालभडक भिंगांची दुर्बीण आणली होती. विकणाऱ्याने ‘मिलिटरीची’ म्हणून सांगितलेली. काकांनी ती हातातही घेतली नाही. “लाल रंग बाहेरच परतवते ही. आत रोहित हिरवट दिसेल.” गृहस्थांनी बघितलं. दिसला.

माणूस चिकट आहे, पण चुकीचं बोलत नाही, हीच त्याच्याबद्दलची मोठी तक्रार. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांच्या दुर्बिणी काकांनी निवडून दिलेल्या आहेत आणि एकीबद्दलही कुणाची कुरकुर नाही. स्वतःची मात्र अजून घ्यायची आहे. एक मॉडेल नक्की केलंय, फक्त जुनं होऊन उतरायची वाट बघतायत. ते उतरतं तेव्हा नवीन आलेलं असतं, आणि तुलना पहिल्यापासून.

तोवर काकूंची वापरतात, म्हणजे काकू देतील तेव्हा. काकूंची जुनी पोरो प्रिझमची, रुंद खांद्यांची. पोरोला छपराची धार नाही, म्हणून फेजचा थर नको. सगळीकडून प्रकाश आपोआप पूर्ण परततो, म्हणून आरसाही नको. ज्या दोन थरांवर काका रविवारचे रविवार घालवतात, ते दोन्ही काकूंना लागतच नाहीत, आणि किंमत विचाराल तर काका विषय बदलतील. “ओल धरते ती,” एवढाच त्यांचा बचाव, आणि तोही खरा. नायट्रोजन भरून बंद केलेल्या रूफ दुर्बिणीत मुंबईचा पावसाळा सहसा शिरत नाही. तशा न केलेल्या जुन्या पोरोत बुरशी घर करते. म्हणून काकू ती घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवतात, बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट.

परवा काका एका डॉक्टरीणबाईंना टॉवरवरच्या इन्सुलेटरच्या चकत्या मोजायला लावत होते. चकत्या सुट्या दिसल्या तर दुर्बीण पास. त्याच टॉवरखाली, खारफुटीच्या फांदीवर, काळ्या डोक्याचा खंड्या येऊन बसला. सगळे कॅमेरे तिकडे वळले.

“अहो, खंड्या!” काकू.

“थांब गं, अकरावी चकती चाललीय.”

“मोजा. मी याला दोघांच्या नावावर लिहून टाकते.”