कारध्याहून नॉर्वेला कोणत्या नक्षत्रात निघावे

उत्तर युरोपच्या क्रूझला नेमके कधी जावे, हा प्रश्न भंडाऱ्याजवळच्या आमच्या कारध्यात रोज कोणी विचारत नाही. मला तो पुण्याच्या पुतण्याने फोनवर विचारला. "काकाजी, तिकिटाचं मी पाहतो. तुम्ही फक्त तिकडचं हवामान पाहून महिना सांगा." आता हवामान पाहून पाण्यात उतरायचे की नाही हे ठरवणे, हा कारधावाल्यांचा पिढीजात धंदा. पुलाशी वैनगंगा २४५ मीटरला लागली की इशारा आणि २४५.५० ला धोका, हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. तेव्हा हे मार्गदर्शन अनधिकाराने केले आहे असे कोणी समजू नये. मी नॉर्वेला गेलेलो नाही हे खरे. पण पंचांग लिहिणारा तरी कुठे सूर्यावर जाऊन आलेला असतो?

प्रथम साहित्य. एक पंचांग आणि एक मोबाईल पुरे. मोबाईलवर 'यर' नावाचे संकेतस्थळ उघडावे. नॉर्वेचे हवामान खाते आणि तिथले सरकारी रेडिओ-टीव्ही खाते मिळून २००७ पासून ते चालवतात. नॉर्वेजियन भाषेत 'यर' म्हणजे झिमझिम पाऊस. अंदाज सांगायच्या आधीच पाटीवर पाऊस लिहून मोकळे होणारे खाते मी दुसरे पाहिले नाही.

मग पंचांगात नक्षत्राचे वाहन पाहावे. बेडूक, म्हैस, हत्ती असेल तर भरपूर पाऊस. कोल्हा, मेंढा असेल तर ओढ. आणि घोडा असेल तर पाऊस डोंगरावर पडतो, असे जाणते सांगतात. नॉर्वेचे वाहन बारा महिने घोडाच. समुद्रावरून आलेले ढग किनाऱ्याच्या डोंगरांना धडकतात आणि तिथेच रिते होतात. बऱ्याच क्रूझ जिथून सुटतात ते बर्गन शहर सात डोंगरांच्या कुशीत आहे. तिथे वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो; आमच्या भंडाऱ्यात तेराशेच्या आसपास. २००६ च्या ऑक्टोबरअखेरीस तिथे जी झडी लागली ती पुढच्या जानेवारीत, ८५ दिवसांनी थांबली. आमच्याकडे तीन दिवस झडी लागली की माणसे भजी तळतात आणि पाचव्या दिवशी भांडतात. ८५ दिवसांत त्या लोकांच्या घरी काय झाले असेल, याची नोंद 'यर'वर सापडत नाही.

आता नक्षत्रवार विचार करू.

रोहिणी, म्हणजे नवतपा. कारध्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे, पुलाचा कठडा हात लावू देत नाही. अशा वेळी नॉर्वेच्या फियोर्डमध्ये पंधरा अंश, हार्डांगरच्या बागांतला फळझाडांचा बहार नुकता ओसरलेला आणि गायरँगरचे धबधबे भरात. डोंगरावरचे बर्फ वितळते म्हणून ते मे-जूनमध्ये जोरात असतात, ऑगस्टपर्यंत रोडावतात. आपल्याला हे समजायला अडचण नाही. पाऊस मध्य प्रदेशात पडावा आणि पाणी आपल्या दारात यावे, हा नियम आपण सोसून बसलोच आहोत. भाडेही भर हंगामापेक्षा कमी. थोडक्यात, सर्वोत्तम काळ. मात्र याच दिवसांत गावात रोज दोन लग्ने. एका लग्नाला गेलो नाही तर ते घर तीन वर्षे बोलत नाही, आणि परत आल्यावर 'नॉर्वेला होतो' हे कारण कोणी ऐकून घेणार नाही. रोहिणी बाद.

मृग, आर्द्रा, पुनर्वसू ही तीन नक्षत्रे शास्त्रोक्त मानावीत. युरोपच्या वरच्या टोकाला, नॉर्डकापला, १४ मे ते २९ जुलै सूर्य मावळतच नाही. मध्यरात्री डेकवर गॉगल लावून उभे राहता येते. पण आपल्या घरची माणसे सोबत असतील तर अडचणी येतात. सांजवात कधी लावायची? सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या शेजाऱ्यांची सोय उत्तम, त्यांना चोवीस तास जेवता येईल. संकष्टी करणाऱ्यांचे मात्र हाल. उन्हाळ्यात तिथे संकष्टीचा चंद्र उजेडातच क्षितिजाला घासून उगवतो आणि लवकर आटोपते घेतो. बोट फियोर्डमध्ये असेल तर तेवढाही कड्याआड जातो. आमच्या घरच्यांनी हे ऐकून एकच प्रश्न विचारला: "मग उपास सोडायचा कधी?" मी बोटीच्या कंपनीला विचारतो म्हणालो. अजून विचारलेले नाही.

आणि खरी गोष्ट अशी, की मृगात धानाचे परे टाकायचे असतात आणि पुनर्वसूत रोवणी. चिखलणी झालेली बांदी, परे उपटून ठेवलेले, बायांचा गुत्ता ठरलेला, आणि मालक मध्यरात्रीचा सूर्य पाहायला गेलेला: असा माणूस मी तरी गावात पाहिलेला नाही.

पुष्य, आश्लेषा, मघा. ज्यांना डोंग्यात पाय ठेवताच मळमळते त्यांनी हा काळ आणि बाल्टिक समुद्र धरावा. स्टॉकहोम, हेलसिंकी, टालिन. पारा बावीसच्या आसपास, समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाही आणि उन्हाळ्यात लाटाही बेताच्या. पाणी इतके कमी खारट की समुद्र म्हणावा की गोसीखुर्द धरणाचे बॅकवॉटर, असा संभ्रम पडावा. फरक एवढाच, की आपल्याकडे पाण्यावर इकॉर्निया पसरलेली असते. गर्दी आणि भाडे मात्र याच महिन्यांत सर्वांत जास्त, कारण युरोपातल्या शाळांना सुट्टी असते. रोवणी आटोपली म्हणून मी मघाकडे जरा आशेने पाहिले होते. पण २०२० चा ऑगस्ट आठवला. महिनाअखेर वर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचे पाणी सुटले, खाली गोसीखुर्दची तेहतीसही दारे उघडली, आणि तरी वैनगंगा भंडाऱ्याच्या वस्त्यांत शिरली. तेव्हा पाणी पाहायला आपल्याला बोटीत बसावे लागले नाही, बोटच आपल्याला न्यायला आली. मघात घर सोडून जाणाऱ्याने घर निदान दुसऱ्या मजल्यावर ठेवून जावे.

पूर्वा ते हस्त. दिवस-रात्र सारखे होऊ लागले की तिकडे ध्रुवीय प्रकाश दिसायला लागतो, गर्दी उतरते, भाडे उतरते, आणि उत्तर समुद्र मात्र चढतो. इकडे पितृपक्ष, धान गर्भावर, बुडाशी तुडतुडा. तुडतुडा लागलेली बांदी चार दिवसांत पेटल्यासारखी दिसते. हिरवा प्रकाश पाहायला गेलो आणि परत येऊन पाहतो तर वावर पिवळे, हा सौदा परवडत नाही. चित्रा-स्वातीत कापणी, दिवाळी, मग चुरणे, मग आधारभूत केंद्रावर नंबर. त्या नंबराच्या वेळी गावाबाहेर जाणे म्हणजे नंबर सोडणे.

असे एकेक नक्षत्र खोडत गेल्यावर हाती उरतो तो पौष. पौषात लग्ने नाहीत. धान घरात नाही, पैसा आला असेल तर खात्यात आहे. उन्हाळी धान यंदा ठेक्याने दिला. आणि बर्गनहून किर्केनेसला जाऊन परत येणारी हुर्टिग्रूटेनची बोट वर्षाचे बारा महिने सुटते. १८९३ पासून ती किनाऱ्याची एसटी आहे: बारा दिवस, चौतीस बंदरे, सामान, गावातली माणसे, आणि पूर्वी टपालही. गल्फ स्ट्रीमच्या कोमट पाण्यामुळे तिथली बंदरे हिवाळ्यातही गोठत नाहीत. भाडे वर्षातले स्वस्तातले.

एकच बारीक अडचण. या बोटीच्या वाटेवरच्या ट्रॉम्सोला नोव्हेंबरच्या शेवटापासून सूर्य उगवत नाही. दुपारी दोन-चार तास निळसर उजेड, बाकी काळोख. सूर्य पुन्हा क्षितिजावर येतो तो जानेवारीच्या मध्याला, म्हणजे आपली संक्रांत. डोंगराआडून तो गावात दिसतो २१ जानेवारीला, आणि त्या दिवशी तिकडचे लोक जॅम भरलेले गोल पाव खातात. तिळगुळाचाच प्रकार, फक्त गोड बोला असे म्हणत नाहीत.

मी पुतण्याला पौष कळवला. पलीकडे बराच वेळ शांतता.

"काकाजी, तेव्हा काहीच दिसणार नाही."

"काहून दिसणार नाही? ओलिताची लाइन रात्री बारालेच येते. बारा वर्षं मी वावर रात्रीच पाहून राह्यलो. ते बॅटरी घेऊन येतो ना सोबत."