कृपया शांतता राखा

अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांत शांततेचा नियम बहुतेक जण पाळतात. हेरॉइन किंवा फेंटानिलचा डोस जास्त झालेला माणूस तर जरा जास्तच पाळतो. ओठ निळे, श्वास घरघरता, मग तोही बंद. फिलाडेल्फियाच्या मॅकफर्सन स्क्वेअर ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्यांनी २०१७ साली अशांच्या नाकात नॅलोक्सोन या उताऱ्याचा फवारा मारून जीव वाचवले, तर चर्चा कसली? हे ग्रंथपालाचं काम आहे का! नाहीच मुळी. आग विझवणं हेही त्याचं काम नाही, तरी भिंतीवर अग्निशामक नळकांडं टांगलेलं असतंच.

म्हणे, चुकून भलत्यालाच दिलं तर? शरीरात अफूवर्गातलं काही नसेल तर हे औषध जवळजवळ काहीच करत नाही. २०२३पासून अमेरिकेत हा फवारा चिठ्ठीविना मिळतो. म्हणजे वाचकाने खिशात बाळगला तर चालतो, ग्रंथपालाने टेबलाच्या खणात ठेवायचा म्हटलं की समित्या बसतात. दुसरी भीती, व्यसनी गोळा होतील. जणू नशा झटक्यात उतरताना होणारी तडफड चाखायलाच लोक रांगा लावतात! एक आक्षेप मात्र खरा : पुस्तकं लावायला आलेल्या माणसावर हे ओझं लादू नये. मान्य. म्हणून परवानगी द्या, सक्ती नको. सोबत प्रशिक्षण आणि कायद्याचं संरक्षण द्या. रुग्णवाहिका तरीही बोलवावीच लागते, कारण फवाऱ्याचा परिणाम ३० ते ९० मिनिटांत ओसरतो. पण श्वास थांबल्यावर मेंदूच्या हाती जेमतेम चार-पाच मिनिटं असतात, आणि तेवढ्यात रुग्णवाहिका पोहोचेलच असं नाही.