गोग्रासाचं क्लिअरिंग

बोरिवलीला आमच्या गल्लीच्या तोंडाशी शंकराचं देऊळ आहे. दर सोमवारी सकाळी तिथे मावशी गाय घेऊन बसतात. (मावशी माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान असतील, पण गायवाली ती मावशी आणि मी काका, हे ठरलेलंच.) वीस रुपयांत गवताची पेंढी आणि वर चुनीचा एक लाडू. गाईच्या पाठीला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा, की व्यवहार पुरा.

पण माझी उभी नोकरी बँकेत गेली, त्यातली बरीच वर्षं क्लिअरिंगला. चेक भरला म्हणजे पैसे जमा झाले असं आम्ही कधी मानलं नाही. त्यामुळे एका सोमवारी शंका आली: आज दिलेली पेंढी गाईच्या अंगी लागते कधी? आणि पुण्याची एन्ट्री कुठल्या तारखेला पडते?

मावशींना विचारलं. "काका, गेलं म्हणजे निघतंच की."

"पण कधी?"

"ते आता तिलाच विचारा."

माझी भाची जनावरांची डॉक्टर आहे, परळच्या कॉलेजात शिकलेली. ती म्हणाली, "मामा, सोमवारचं गवत मंगळवारी शेणात दिसायला लागेल, पण शेवटची काडी सुटायला पुढचा सोमवारही उजाडेल." हे शोधायला शास्त्रज्ञांनी म्हणे रंगवलेलं गवत गाईंना घातलं आणि शेणात रंग हुडकत बसले. आमच्या खात्यात शोभली असती ही माणसं.

उशीर होतो तो पहिल्या पोटात. त्याचं नाव रुमेन. पाणीकपातीच्या दिवसांत सोसायटीत जे निळं पिंप भरून ठेवतात, ते अर्ध्याच्या वर भरेल एवढं मोठं. गाय खाताना धड चावत नाहीच. आधी गिळायचं, तिथे मुरत घालायचं, जंतूंना कामाला लावायचं, मग निवांत बसून एकेक घास परत तोंडात. मराठी समीक्षकाने 'चर्वितचर्वण' म्हटलं की लेखकाचं तोंड उतरतं. गाईचा सगळा संसार त्याच्यावर चालतो.

मी जवळून पाहिलं. मान जराशी लांब झाली, गळ्याच्या कातडीखालून गोळा वर सरकला, गाल फुगला आणि खालचा जबडा आडवा फिरायला लागला. मोजलं: बावन्न. गिळलं, क्षणभर थांबली, पुढचा गोळा. दिवसाचे सात-आठ तास हेच. आम्हाला लहानपणी आई 'बत्तीस वेळा चाव' म्हणायची, आणि मी अंधेरी स्टेशनबाहेर चार घासांत वडापाव संपवून लोकल पकडली, अशी तीस-पस्तीस वर्षं.

काडी बारीक, अगदी काही मिलिमीटरची झाल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. सही जुळली नाही की चेक परत, तसं. गंमत पुढेच आहे. चारा जितका निकस, तितका तो आत जास्त वेळ रेंगाळतो. कोवळं गवत लवकर सुटतं. वाळका पेंढा जागा अडवून बसतो. पोट भरलेलं आणि जनावर उपाशी.

मग पटकन विरघळणारं घालावं? भाचीने कपाळाला हात लावला. पितृपक्षात लोक गाईला भात, खीर, पुरणपोळ्या चारतात. ते चावायला लागत नाही, म्हणून लाळ सुटत नाही. आणि गाईच्या लाळेत खायचा सोडा असतो, दिवसाला शंभर लिटर लाळ! ती नाही, वर भात झपाट्याने आंबलेला, की गाईला ॲसिडिटी. मग डॉक्टर डाव्या भकाळीवर मूठ दाबून बसतात: पोट मिनिटाला एकदा-दोनदा हलतंय ना? माझ्या रात्रीच्या सोड्याच्या ग्लासाकडे बघून भाची काही बोलली नाही. पोळीबरोबरची प्लास्टिकची पिशवी मात्र आत गेली की गेली. काही चेक कधीच वटत नाहीत.

या संथपणाची मोठी शाखा गोरेगावला आरेत आहे. शहरातल्या तबेल्यांतल्या म्हशींसाठी 1949 साली ती वसाहत उभी राहिली. दुपारी एखाद्या युनिटवर जाऊन बघा: रांगेने बांधलेल्या म्हशी, डोळे अर्धे मिटलेले, जबडे चालू. एवढ्या घाईच्या उपनगरात एवढ्या जणींना कुठेच जायचं नाही.

गेल्या सोमवारी मी पेंढी घेतली आणि हौसेने स्वतःच पुढे केली. गाय बसली होती. तिने बघितलंही नाही.

"थांबा काका," मावशी म्हणाल्या, "तिचं मागचं चाललंय."

बाजूने माणसं स्टेशनकडे पळत होती. मी पेंढी धरून उभा राहिलो. एकोणतीस, तीस, एकतीस...